स्वस्त एसएसडी : किती थांबावे, किती विसंबावे?

प्रश्न : आमचा घरचा संगणक आठ वर्षांचा असून त्याची हार्ड डिस्क फार मंदावली आहे. बर्डीतील दुकानदार एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या म्हणतात. किमती पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरल्या आहेत. मग आणखी थोडे थांबावे का, आणि इतकी स्वस्त झालेली वस्तू टिकेल का? मुलांच्या लहानपणापासूनचे सगळे फोटो याच संगणकात आहेत.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : किमतीसाठी थांबू नये. 2012 च्या सुमारास एका गीगाबाइटला जवळपास एक डॉलर पडत असे आणि 2023 मध्ये एक टेराबाइटची (म्हणजे हजार गीगाबाइटची) एसएसडी पन्नास डॉलरच्या आत मिळू लागली, हे खरे. परंतु ती शेवटची घसरण मालाचा साठा मागणीपेक्षा जास्त झाल्यामुळे आली होती. त्याच वर्षी सॅमसंगसारख्या कंपन्यांनी उत्पादन कमी केले आणि 2024 मध्ये किमती पुन्हा चढल्या. हा बाजार असा वरखाली होत राहतो, आणि तोवर तुम्ही रोज मंद संगणकासमोर ताटकळत बसणार.

टिकाऊपणाची शंका मात्र रास्त आहे, कारण स्वस्ताईचा एक भाग खरोखरच टिकाऊपणा कमी करून आलेला आहे. पूर्वी स्मृतीच्या एका पेशीत एकच बिट (माहितीचा सर्वांत लहान तुकडा) साठवत. आता टीएलसी प्रकारात तीन आणि क्यूएलसी प्रकारात चार साठवतात, त्यामुळे माल स्वस्त होतो, पण पेशी लवकर झिजतात. सॅमसंगच्याच एक टेराबाइटच्या टीएलसी प्रकारच्या 870 इव्होला एकूण 600 टेराबाइट माहिती लिहिली जाईपर्यंतची आणि पाच वर्षांची हमी आहे, तर क्यूएलसी प्रकारच्या 870 क्यूव्हीओला 360 टेराबाइटची आणि तीन वर्षांची. तरीही घरी रोज वीस गीगाबाइट लिहिले, म्हणजे भरपूरच लिहिले, तरी वर्षाला साडेसात टेराबाइटही होत नाहीत. 360 चा आकडा गाठायला जवळजवळ पन्नास वर्षे लागतील. म्हणून झिजेची धास्ती नको. दोहोंच्या किमतीत थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्यावी, आणि पक्के बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

मला काळजी वाटते ती तुमच्या फोटोंची. हार्ड डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा खडखडते, अडखळते. एसएसडीचा कंट्रोलर (आतला कारभार सांभाळणारी चिप) मात्र कोणतीही चाहूल न देता बंद पडू शकतो आणि मग आतली माहिती परत मिळवणे फार कठीण व खर्चाचे होते. अचानक वीज गेल्यानेही, विशेषतः लेखन चालू असताना, नुकसान होऊ शकते. संगणकाला यूपीएस नसेल तर तो आधी घ्यावा.

नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. एसएसडीतील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता पडून राहिल्यास तो हळूहळू गळतो. उष्णतेत हे वेगाने घडते. घरगुती एसएसडीचा मानकांतील निकष असा, की लेखनाची हमी पूर्ण वापरून झाल्यावरही ती 30 अंश तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकवील. नव्या एसएसडीत ही मुदत खूप अधिक असते, पण नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, बंद घरातल्या कपाटाचे तापमान 30 अंशांवर थांबत नाही. त्यामुळे फोटोंची एकमेव प्रत एसएसडीवर घेऊन ती कपाटात ठेवणे योग्य नव्हे.

एसएसडी जरूर बसवा. पण दुकानात जाण्यापूर्वी एक नवी बाह्य हार्ड डिस्क घेऊन सगळे फोटो तिच्यावर उतरवून घ्या आणि त्यांतले काही उघडून पाहा. जुनी डिस्क दुकानदाराला देऊ नका. आठ वर्षांच्या डिस्कवर एकटीवर विसंबता येणार नाही, तरी तिसरी प्रत म्हणून ती घरात असू द्या.