ख्रिस्ती झाल्यावर हळद, मंगळसूत्र, मृदंग सोडावं लागतं का?

तुमच्या प्रश्नात ‘खरा ख्रिस्ती’ असा शब्द आहे, म्हणून लिहायला बसलो, नाहीतर पुढं सरकलो असतो. मराठवाड्यातले ख्रिस्ती लोक हळद लावतात, मंगळसूत्र घालतात, मृदंगावर भजनं म्हणतात, हे चर्चला चालतं का, असं तुम्ही विचारलंय.

चालतं. आमच्या घरात चार पिढ्या चाललंय.

गाव आमचं जालन्याकडचं. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, तिथून आमच्या भागात ख्रिस्ती वस्त्या वाढल्या. वडील, म्हणजे अण्णा, शाळामास्तर. रविवारी देवळात पखवाज वाजवायचे (चर्चला आमची जुनी माणसं देऊळच म्हणतात). आई सकाळी मूठभर कणीक सैलसर भिजवून ओल्या फडक्यात बांधून द्यायची. अण्णा ती पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायचे. बोटानं दाबायची, चिमूटभर काढायची, ठोकून बघायचं, पोटातून घुमल्यासारखा आवाज निघेपर्यंत. उपासना झाली की कणीक खरवडून आम्ही पोरं कोंबड्यांना टाकायचो. भजनं बहुतेक कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही, ख्रिस्तालाच अभंगात आणलं.

अण्णा शेवटची दोन वर्षं ताईकडं संभाजीनगरला होते, पखवाजासकट. तिथंच गेले. माती झाली त्या रात्री गावाकडचे आठ भजनी क्रूझर करून आले. ताईनं न सांगता कणीक भिजवली. तेवढ्यात दाजी आतून आले. दाजींनी आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडून एक नवं प्रार्थनागृह धरलं होतं. म्हणाले, “ते विठोबाचं वाद्य आहे. माझ्या घरात वाजणार नाही.” पखवाज उचलला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. कुणी काही बोललं नाही. शेवटी एका म्हाताऱ्यानं नुसत्या टाळीवर भजन धरलं. परातीतला कणकेचा गोळा सकाळपर्यंत तसाच, वरून पापुद्रा धरलेला.

पेटी मात्र चालली! पेटी मुळात युरोपातली, आणि आज दिंडीच्या भजनातही तीच असते. मग ती कुणाची, हे मी तेव्हा विचारलं नाही. मयतीचं घर होतं.

दाजी स्वतः कोट-टाय घालून प्रार्थनेला जातात. टाय कोणत्या शुभवर्तमानात आहे? नवरीचा पांढरा झगा व्हिक्टोरिया राणीनं १८४० साली लग्नात घातला, तिथून त्याची फॅशन पसरली. ती इंग्रजांची रीत, ही आपली. एक पवित्र आणि एक विटाळ कशी? हा वाद आजचा नाही. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ काढा. यहुदी नसलेल्यांनी आधी सुंता करावी का, यावरून यरुशलेमेत सभा बसली आणि ठरलं, गरज नाही. दाजी त्याच अध्यायातली, मूर्तींचा नैवेद्य टाळा, ही ओळ दाखवतात. नैवेद्य कुणी खाल्ला? आमची कणीक कोंबड्यांनी खाल्ली.

फादर स्टीफन्स इंग्रज होते, त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं, ते मराठी ओव्यांत. उलट कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, १९६० च्या दशकापर्यंत लॅटिनमध्येच होती, इथल्या बाईमाणसाला त्यातलं काय कळत असेल!

तुमचं लग्नाचं काम असेल तर आधी पाळकसाहेबांशी बोलून घ्या. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, पेंटेकोस्टल, प्रत्येकाचं वेगळं, आणि एकाच मंडळीत पाळक बदलला की परत वेगळं. आमच्याकडं काळ्या मण्यांत वाटीच्या जागी क्रूस ओवतात, त्यावर सहसा कुणी अडवत नाही.

एक राहिलं. आपलं म्हणून सगळंच धरून ठेवायचं, असंही माझं म्हणणं नाही. हळदीला विधवा मावशीला मागं बसवतात, ते आमच्याही घरात झालंय. आणि स्थळ बघताना पहिला प्रश्न अजून तोच, “मूळचे कोण?” एवढ्या बाप्तिस्म्यांनी तो धुतला गेला नाही. अशा रितीवर दाजींनी दार लावलं असतं तर मी कडी लावायला गेलो असतो.

भाचा दाजींच्याच प्रार्थनागृहात ड्रम वाजवतो. मागच्या नाताळात मी त्याला म्हणालो, हा काय धांगडधिंगा. तो म्हणाला, मामा, तुम्ही पप्पांसारखंच बोलता. राग आला, पण पोरगं तालात पक्कं आहे, आजोबांचा हात आहे.

दाजी हे वाचतात की नाही माहीत नाही, ताई वाचते. पखवाज तुमच्या पलंगाखाली तीन वर्षं पडून आहे. वाजवायचा नसेल तर द्या, पुडी (वरचं कातडं) बदलून घेतो. भाच्याच्या हातानं पाठवा.