आई बाबांसाठी रडली नाही, पण अरुण दातेंच्या गाण्याला रडते

'गोंधळलेली लेक, डोंबिवली' या नावाने आलेलं पत्र बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. हिचे बाबा जाऊन दीड वर्ष झालं. आई ६७ वर्षांची. बाबा गेले तेव्हा आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तेरा दिवस सगळं शांतपणे पार पाडलं. पण आता घरात दिवसभर भावगीत गायक अरुण दाते चालू असतात आणि एखादं गाणं लागलं की ही बाई पदर डोळ्यांना लावून बसते. वर भावगीतांचा कुठलाही कार्यक्रम असो, सावित्रीबाई फुले नाट्यगृह, कल्याणचं अत्रे रंगमंदिर, ठाण्याचं गडकरी, चांगली साडी नेसून, मैत्रिणीला घेऊन निघालीच. भाऊ चिडतो, "लोक काय म्हणतील" म्हणतो. आणि परवा कपाट आवरताना लेकीला एक जुनी दोनशे पानी वही सापडली, त्यात गाणी उतरवून घेतलेली, मधल्या पानावर दातेंची सही, १९८६ सालची. लेक विचारते, "मावशी, आईचं बाबांवर प्रेमच नव्हतं का? बाबांची जागा आधीपासून कुणी दुसऱ्यानेच घेतली होती का?"

अगं वेडाबाई, आधी एक घोट पाणी पी.

तू पत्रात त्या वहीबद्दल एक ओळ लिहिलीयस, ती मी तीनदा वाचली. तू लिहितेस की मध्ये मध्ये शब्दांच्या जागा रिकाम्या सोडल्यात आणि काही ठिकाणी त्या नंतर दुसऱ्या पेनने भरल्यात, अक्षरही वेगळं वाटतं. तुझ्या पिढीला हे विचित्र वाटेल पण आमच्या वेळी गाण्याचे शब्द मिळायचे कुठे? रेडिओवर गाणं लागलं की धावत वही घ्यायची, लागेल तसं खरडायचं, एखादा शब्द निसटला की जागा सोडून पुढे जायचं, आणि परत ते गाणं कधी लागेल याची वाट बघायची, कधी आठवडा कधी महिना. आता मला सांग, ते दुसरं अक्षर कुणाचंय? बाबांच्या हातचं काहीतरी असेलच घरात, जुनी डायरी, किराणाची यादी, बँकेचा फॉर्म. लावून बघ शेजारी. मी काही ठामपणे सांगत नाही, शेजारणीचंही असेल ते, तुझ्या आत्याचंही असेल. पण बघितल्याशिवाय बाबांना त्या वहीतून बाहेर काढू नकोस.

आता दातेंबद्दल. आमच्यासारख्या बायकांना हा माणूस इतका जवळचा का वाटला ते सांगते. इंदूरला वाढलेले, वडील रामूभैया दाते म्हणजे गाण्याचे केवढे मोठे रसिक, कुमार गंधर्वांसारख्यांचा त्या घरी राबता. पण मुलगा शिकून झाला टेक्स्टाइल इंजिनिअर आणि वर्षानुवर्षं नोकरी केली, गाणं नोकरी सांभाळून. म्हणजे आपल्या नवऱ्यासारखाच डबा घेऊन कामाला जाणारा माणूस, आणि तो माइकसमोर उभा राहून इतकं हळुवार बोलतो! मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, सोबत सुधा मल्होत्रांचा आवाज, ते 'शुक्रतारा' आकाशवाणीवरून घराघरात गेलं आणि तिथून पुढे 'शुक्रतारा' याच नावाने त्यांचे कार्यक्रम महाराष्ट्रभर झाले. त्यांचा आवाज काही फार मोठ्या ताना घेणारा नव्हता. शेजारी बसून कुणीतरी सांगतंय असा होता. २०१८ च्या मे महिन्यात गेले तेव्हा मी स्वतः दोन दिवस रेडिओ लावू शकले नव्हते, आणि माझी त्यांची ओळख म्हणशील तर बाराव्या रांगेतून जेवढी होते तेवढीच.

आणि आमच्या पिढीचे नवरे! वाईट नव्हते गं, पण तोंडाने कधी काही बोलायचे नाहीत. पगार हातात देणं, येताना गजरा आणणं, ताप आला की रात्रभर मिठाच्या पाण्याच्या घड्या घालणं, झालं, हेच त्यांचं बोलणं. 'मला तू आवडतेस' हे घरात म्हणायची सोयच नव्हती, एका खोलीत सासू-सासरे, दीर, पोरं. ते गाण्यातून कानावर यायचं. मग बाई ते गाणं ऐकते आणि मनात चेहरा कुणाचा येतो? गायकाचा चेहरा कितीकांना माहीत होता तेव्हा? रेडिओला कुठे चेहरा असतो. समोर स्टोव्हला पिन मारत बसलेला असायचा तोच चेहरा गाण्याला चिकटायचा.

माझ्या मावशीचं सांगते. परळला चाळीत राहायची. लग्नानंतर तिचं नावच गेलं होतं, सासरी 'मोठी सूनबाई', चाळीत 'अमक्याची आई', काका तर नुसतं 'अगं ऐकलंस का'. तिने एकदा रेडिओवरच्या 'आपली आवड' या फर्माईशींच्या कार्यक्रमाला पोस्टकार्ड टाकलं, कुणाला न सांगता. आणि एका रात्री फर्माईश करणाऱ्यांच्या यादीत निवेदिकेने तिचं नाव घेतलं, आडनावासकट, स्वच्छ. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, तिथेच जेवत होते. मावशी हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली, दूध उतू जाऊन चूल विझली तरी हलली नाही. गाणं संपल्यावर मला म्हणाली, "माझं नाव छान आहे ना गं?" मला आजही तो प्रसंग आठवला की गलबलून येतं. गाणाऱ्याला त्या बाईचा पत्ताही नव्हता, पण त्याच्या गाण्यामुळे तिला तिचं नाव परत मिळालं होतं.

तुझ्या आईच्या वहीतल्या सहीकडे जरा असं बघ. १९८६ साली ती कुणाची तरी बायको, सून, तुमची आई होतीच, पण त्या सहीसाठी रांगेत उभी होती ती फक्त ती. तेवढं एक पान तिचं स्वतःचं आहे. त्यात बाबांचं काही कमी झालं नाही.

रडण्याचं म्हणशील तर अंत्यविधीच्या वेळी घरातल्या बाईला रडायला वेळ कुठे असतो? कोण आलं, कुणाचा चहा झाला, भटजींची दक्षिणा, तुझं रडणं, तुझ्या भावाचं बीपी, सगळं तिच्याच डोक्यावर. ते आत साठून राहिलेलं आता गाणं लागलं की बाहेर येतंय. मला तर वाटतं ती दीड वर्षांनी आता कुठे बाबांसाठी रडायला बसलीय, तुला ते दातेंसाठी वाटतंय. हां, ती जेवत नसती, झोपत नसती, दार लावून पडून राहिली असती तर मी आजच्या आज डॉक्टरकडे ने म्हटलं असतं, आणि तसं काही दिसलं तर अजूनही ने, त्यात लाज नाही. पण साडी नेसून मैत्रिणीसोबत नाट्यगृहात जाणारी बाई सावरतेय.

भावाला माझ्याकडून सांग, लता मंगेशकर गेल्या त्या ६ फेब्रुवारीला किती धडधाकट पुरुष टीव्हीसमोर डोळे पुसत होते, तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत. आणि ज्या दिवशी कार्यक्रम असेल त्याच दिवशी नातवंडं सांभाळायला आईला बोलावायचं हे जर होत असेल (पत्रात तू ओझरतं लिहिलंयस म्हणून म्हणते) तर ते आधी बंद करा. तिने कॅलेंडरवर गोल केलेली तारीख तिची आहे.

आणि तू तिला समोर बसवून "तुझं बाबांवर प्रेम होतं का" असलं काही विचारू नकोस, ती "गप गं" म्हणून उठून जाईल आणि वही पुन्हा कपाटात खोल जाईल, कायमची. दुपारी ती गाणी लावून बसते ना, तेव्हा भाजी निवडायला घेऊन शेजारी बस. दोन-चार गाणी नुसती ऐक. मग विचार, "आई, ही सही कुठल्या कार्यक्रमात घेतलीस? सोबत कोण होतं?" एवढंच, उत्तराची घाई करू नकोस.

पुढच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं तू काढ, मैत्रिणीला एकदा सुट्टी. कडेची सीट घे, गुडघे दुखतात म्हणतेस ना तिचे, पाय लांब करता येतात. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत तू उभी राहा, तिला जागेवरच बसू दे. आणि ते दुसरं अक्षर कुणाचं निघालं ते मला नक्की कळव, मी वाट बघतेय.

तुझी,
मावशी