वाचक विचारतात : गिऱ्हाईक हसलं, पण घेतलं काहीच नाही

प्रश्न : ताई, मी लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात काम करते. एवढ्या साड्यांच्या घड्या मोडल्यावर गिऱ्हाईक गोड हसतं आणि ‘जरा फिरून येतो’ म्हणून निघून जातं. कुठलं हसू खरं, हे ओळखता येतं का? आणि मालकांना आम्ही सदा हसतमुख हवे असतो. संध्याकाळी गाल दुखतात हो.
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : बऱ्याच अंशी येतं, पण नुसते ओठ बघून नाही. ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेने चाळवून केलेले प्रयोग १८६२मध्ये छायाचित्रांसह प्रसिद्ध झाले. ओठांचे कोपरे आपण हवे तेव्हा वर नेतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र मनातून आनंद झाला तरच आकसतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे दिसून आलं की डोळ्यांतलं हसूही अनेकांना ठरवून आणता येतं.

म्हणून मी तुमच्या जागी असते, तर हसू कधी येतं आणि कुणाकडे वळतं ते बघितलं असतं. पदर उलगडताच बाई साडीकडे बघून हसल्या आणि लगेच सोबतच्या बहिणीकडे वळल्या, तर साडी मनात भरली म्हणायची. उठताना तुमच्याकडे बघून हसल्या, तर ते तुमच्या कष्टांचे आभार. त्याला खोटं म्हणू नका.

एक हसू मात्र जपून ओळखा. किंमत ऐकल्यावर नजर खाली जाते, ओठ मिटून हसू आवरलं जातं, मान जराशी वळते, हात चेहऱ्याशी जातो. डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांनी १९९५मध्ये संकोचाच्या याच खुणा नोंदवल्या. मला त्या आईमुळे आधीच ठाऊक होत्या. आत्याच्या लग्नाचा बस्ता बांधताना आई एका नारायणपेठीच्या काठावरून बोटं फिरवत राहिली, किंमत कळल्यावर खाली बघून हसली आणि म्हणाली, “रंग जरा भडक वाटतो.” रंग तिच्या आवडीचा होता. गादीवरच्या काकांनी “बजेट किती?” असं विचारलं नाही. “याच रंगात हलकी दाखवतो, वहिनी,” म्हणत त्यांनी दुसरा गठ्ठा ओढला. आईने त्यातलीच घेतली. तुम्हीही तसंच करा. अशा वेळी आकडा विचारला, की बाई उठल्याच समजा.

गालांचं दुखणं खोटं नाही. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३मध्ये हवाई सुंदरींच्या कामाबद्दल हेच मांडलं : पगारासाठी हसणं हेही श्रमच, आणि ते माणसाला थकवतात. मालकांशी स्पष्ट बोला. गिऱ्हाईक आत येताना आणि निघताना हसेन, साड्यांच्या घड्या घालताना चेहरा शांत राहू द्या, म्हणावं.