डोकेदुखी, पित्त आणि मेंदूतील गाठ

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. गेले दोन-अडीच महिने सकाळी उठल्याबरोबर त्यांचे डोके दुखते, उलटी झाली की बरे वाटते आणि दहा-अकरापर्यंत दुखणे ओसरते. पित्त समजून गोळ्या घेतल्या, चष्म्याचा नंबरही तपासून झाला. अलीकडे चालताना त्यांच्या डाव्या पायातील चप्पल निसटते आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. ही मेंदूतील गाठीची लक्षणे असू शकतात का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य चपलेचे आहे. डाव्या अंगाची हालचाल आणि संवेदना मेंदूच्या उजव्या भागाकडे असते. त्यामुळे पायातील चप्पल निसटणे आणि ते न कळणे, यामागे त्या भागावरचा दाब असू शकतो. कंबरेतील नस दबल्याने किंवा जुन्या मधुमेहानेही असे होते, हे खरे; परंतु सकाळची डोकेदुखी आणि पायाची ही तक्रार पाठोपाठ सुरू झालेली असताना दोन्हींसाठी दोन वेगळी कारणे शोधत बसणे मला धोक्याचे वाटते.

पित्ताचा संशय येणे स्वाभाविक आहे, कारण घरोघरी पित्त समजल्या जाणाऱ्या अर्धशिशीतही (मायग्रेन) उलटीनंतर आराम पडतो. मात्र अर्धशिशी बहुधा तरुण वयात सुरू होते आणि दोन झटक्यांच्या मधले दिवस चांगले जातात. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, आठवड्यागणिक वाढत जाणारी, खोकताना, वाकताना किंवा शौचाला जोर करताना तीव्र होणारी डोकेदुखी निराळी समजावी. कवटी ही बंद पेटी आहे. आत गाठ वाढत असेल तर रात्रभर आडवे राहिल्याने आणि झोपेत श्वास मंदावून रक्तवाहिन्या रुंदावल्याने आतला दाब वाढतो, आणि उठून बसल्यावर तो थोडा उतरतो.

याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. ते हातापायांची ताकद पाहतील आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करतील. डोक्यातील दाब वाढला असल्यास दृष्टीच्या नसेच्या मुळाशी सूज दिसते, मात्र ती नसली म्हणजे गाठ नाही असे ठरत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणे म्हणजे ही तपासणी नव्हे. पुढे बहुधा कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध) देऊन एमआरआय करावा लागेल. मूत्रपिंडाचा विकार किंवा पेसमेकर असल्यास ते आधी सांगावे. तोवर यजमानांना गाडी चालवू देऊ नये. फिट आली, गुंगी वाढली, उलट्या थांबेनाशा झाल्या किंवा अंगाची एक बाजू अचानक लुळी पडली, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे. कांदा हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. काही गाठींमध्ये डोके दुखतच नाही. कपाळामागच्या भागात गाठ असेल, तर आयुष्यभर हिशेब चोख ठेवणारा माणूस विजेची बिले तशीच पडू देतो, आंघोळीची टाळाटाळ करतो, आणि घरचे म्हणतात, वय झाले. कोणाला नेमका शब्द सापडत नाही. कोणाला एकाच कानाने कमी ऐकू येऊन त्यात सतत आवाज येतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीच्या गाठीत दोन्ही बाजूंचे कडेचे दिसणे कमी होते किंवा तरुण स्त्रीची पाळी बंद होते. मोठ्या वयात आयुष्यातील पहिली फिट आल्यास मेंदूचे चित्रण करून घ्यावेच. आपल्याकडे अशा फिटमागे फीतकृमीच्या अळ्या किंवा क्षयाची गाठही असते, आणि त्या बहुधा औषधांनी बऱ्या होतात. मेंदूच्या आवरणातून उगवणाऱ्या बहुतेक गाठीही कर्करोगाच्या नसतात. अहवालातील ‘गाठ’ हा शब्द वाचूनच धीर सोडू नये.

प्रश्न : माझ्या २० वर्षांच्या मुलीला चौदाव्या वर्षापासून पाळीच्या दिवसांत अर्धे डोके दुखते आणि उजेड सहन होत नाही. एमआरआय करावा का? – एक आई, नाशिक

उत्तर : दुखण्याचे स्वरूप सहा वर्षांत बदललेले नसेल आणि डॉक्टरांच्या तपासणीत दोष आढळला नसेल, तर सहसा गरज नाही. हे वर्णन अर्धशिशीचे आहे. तिने वेदनाशामक गोळ्या महिन्यातून किती दिवस घेतल्या, याची नोंद मात्र ठेवावी. वारंवार घेतलेल्या गोळ्यांनीच डोकेदुखी रोजची होते. दुखण्याची जात बदलली, म्हणजे ते रोज पहाटे जागे करू लागले किंवा दोन-दोन दिसू लागले, तर लगेच दाखवावे.