शेक गालाला दिले, मग आवाज का बसला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निफाड तालुक्यातला, वय ५४. कांद्याच्या मार्केटात लिलाव पुकारायचं काम २६ वर्षं केलं. ट्रॅक्टरच्या रांगेतून चालत जायचं आणि "अकराशे, अकराशे दहा, अकराशे वीस" असं ओरडत राहायचं. शेवटच्या ट्रॉलीपाशी उभा असलेला शेतकरीही माझा आवाज ओळखायचा. विशीपासून तंबाखू-चुना डाव्या गालात धरायचो, तिथेच कॅन्सर निघाला. पोळ्याच्या आठवड्यात ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठीही काढल्या. मग ३० शेक (रेडिएशन) घेतले. ते संपून ७ महिने झाले. तंबाखू सुटली ती सुटलीच.

पण आवाज गेला. सकाळी जरा बरा असतो, दुपारनंतर घोगरा होऊन बसतो. फोनवर ओळखीची माणसं "कोण बोलतंय?" विचारतात. घसा सारखा खाकरावा लागतो. आमची मंडळी ज्येष्ठमध आणि खडीसाखर देतात. आवाज जपायचा म्हणून महिनाभर मी कुजबुजतच बोलतो. बीपीची गोळी चालू आहे. बाकी तब्येत ठीक. पाणी पिताना अधूनमधून ठसका लागतो आणि थंडी फार वाजते. मे महिन्यात सगळे गच्चीवर झोपत होते, मी घरात गोधडी घेऊन.

शेक गालाला दिले, मग घसा का बसला? आजार परत तर आला नाही ना? लाल कांदा सुरू होईल तोवर मी लिलावाला उभा राहू शकेन का?

उत्तर : भाऊ, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल ठसक्यावर आणि गोधडीवर थांबली. तुम्ही त्या दोन गोष्टी जाता जाता लिहिल्यात, पण मला त्या आवाजाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. त्यांच्याकडे येतेच.

आधी तुमचा पहिला प्रश्न. शेक घेताना तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला पक्का करायचे, आठवतो ना? तो गालापुरता नव्हता, खांद्यापर्यंत होता. गालाचा कॅन्सर खाली मानेतल्या गाठींमध्ये उतरतो, म्हणून ऑपरेशननंतर गालाबरोबर मानेलाही शेक द्यावे लागतात. स्वरयंत्र मानेतच आहे, कंठमण्याच्या मागे. त्याला वाचवायचा प्रयत्न डॉक्टर करतात, आताची मशीन त्यासाठी बरीच चांगली आहेत, तरी थोडेफार किरण तिथे पोचतातच. हे तुम्हाला कुणी आधी सांगितलं नाही, असं पत्रावरून दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना सांगितलेलं नसतं, आणि ते मला दरवेळी लागतं. आवाजावर पोट असलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशीच कळायला हवं.

स्वरयंत्रात दोन स्वरपट्ट्या असतात. साधं बोलताना पुरुषाच्या स्वरपट्ट्या सेकंदाला शंभरच्या वर वेळा एकमेकींना भिडतात, आणि ओरडताना त्याहून जास्त वेळा, जास्त जोरात. त्यांच्यावरचं पातळ अस्तर ओलं आणि सैल असेल तरच त्यात नीट लाट उठते आणि आवाज स्वच्छ येतो. शेकांनी अस्तराला सूज येते, ते कोरडं पडतं, पुढे काहींचं थोडं कडकही होतं. सूज महिन्यामहिन्याने उतरत जाते, कधी वर्षभरही घेते. कडकपणा मात्र काही प्रमाणात राहू शकतो. त्यात लाळेच्या ग्रंथीही शेकात सापडतात. पातळ लाळ आटते आणि चिकट, तार धरणारी तेवढी उरते. ती घशात अडकते म्हणून तुम्ही खाकरता. एकेका खाकरण्याला दोन्ही स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटतात, पुन्हा सुजतात, पुन्हा चिकटा धरतो, की पुन्हा खाकरणं.

आजार परत आला का, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेकांनंतर असा आवाज होणं नेहमीचं आहे, एवढा दिलासा खरा. पण जी तंबाखू गालाला लागली तिचा रस २५-३० वर्षं घशातूनही गेलाय. तेव्हा स्वरपट्ट्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय "शेकांमुळेच आहे" असं धरून बसायचं नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकातून बारीक दुर्बीण घालून बघतात. नाकात बधिर करायचं औषध मारतात, भूल लागत नाही, काही मिनिटांत होतं. पट्ट्या हलतात का, सूज आहे का, नवीन काही उगवलंय का, सगळं पडद्यावर दिसतं. पहिल्या वर्षात दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते, तुमची चालू असेलच. पुढच्या तारखेची वाट न बघता या आठवड्यात जा आणि "आवाज बसलाय" हे शब्द स्वतःहून उच्चारा. गालाची जखम बघताना आवाजाचं राहून जाऊ शकतं. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला, थुंकीत रक्त दिसलं, मानेत नवी गाठ लागली किंवा एकच कान ठणकू लागला, तर त्याच दिवशी गाठा. श्वास कोंडत असेल तर रात्रही बघू नका.

आता गोधडी. गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉईड ग्रंथी असते, तीही शेकाच्या वाटेत येते आणि नंतर मंदावू शकते, कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. मग भर उन्हाळ्यात थंडी वाजते, अंग जड होतं, चेहरा सुजरा दिसतो आणि आवाजही जाड होतो. टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी आहे, ती करून घ्या. यापुढेही दर ६ ते १२ महिन्यांनी करत राहा. ग्रंथी मंद निघाली तर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी असते.

ठसक्याचं म्हणाल तर गिळताना स्वरपट्ट्या मिटून श्वासनलिकेचं दार लावतात. पट्ट्या किंवा जिभेचं मूळ ढिलं पडलं की पाणी आत उतरतं. पाणी प्यायल्यावर "आ" म्हणून बघा. आवाज ओला, बुडबुड्यासारखा आला तर गिळण्याची तपासणी लगेच हवी, कारण पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ती तपासणी झाल्याशिवाय मान मागे टाकून, तांब्या वर धरून पाणी पिऊ नका. ताठ बसा, हनुवटी किंचित खाली ठेवा आणि घोट घोट घ्या.

तुमच्या मंडळींचा जीव तुटतोय हे मला समजतं, पण ज्येष्ठमध बंद करायला सांगा. त्याने बीपी वाढतं, आणि तुम्ही बीपीची गोळी घेताय. खडीसाखरही नको. लाळ नसलेल्या तोंडात साखर दातांना खाते, आणि शेक घेतलेल्या जबड्यातला दात काढला की हाड भरून यायला फार अवघड जातं. दातांच्या डॉक्टरांनी "काढून टाकू" म्हटलं तर आधी शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. घरात बाटली हाताशी ठेवा, खाकरावंसं वाटलं की एक घोट गिळा. साध्या पाण्याची वाफ घ्या, त्यात बाम किंवा निलगिरी टाकू नका.

कुजबुजणं आजपासून थांबवा. कुजबुजताना घसा आवळला जातो आणि कोरडी हवा पट्ट्यांवरून घासत जाते. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलावं तसं हळू पण आवाज काढून बोला. एक व्यायाम सांगते. ओठ मिटा आणि "म्म्म" असा भुंग्यासारखा गुंजारव करा. ओठांना आणि नाकाच्या दांडीला कंप जाणवला पाहिजे, गळ्यात ताण नको. डावीकडचा ओठ नीट मिटत नसेल तर बोटाने धरा. ५ मिनिटं, दिवसातून तीनदा. ठसक्याची तपासणी ठीक निघाली की नारळपाण्याची जाड स्ट्रॉ अर्ध्या ग्लास पाण्यात दोन बोटं खोल बुडवून "ऊ" म्हणत बुडबुडे काढायचे. त्याने पट्ट्यांवर मार न बसता त्या हलायला शिकतात. पुढचे व्यायाम वाचा-उपचारतज्ज्ञाकडूनच शिका, दुर्बीण करताना तिथे कोण आहे ते विचारून घ्या.

राहिला लाल कांदा. पूर्वीसारखा उघड्या गळ्याने अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा पुकारा या हंगामात करू नका. खरं सांगायचं तर तो आवाज जसाच्या तसा परत येईल असं वचन मी देणार नाही. पण काम सुटलंच पाहिजे असंही नाही. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानावर अडकवायचा माइक मिळतो, शाळेतल्या बाई वापरतात तसा. दुर्बीण आणि रक्त दोन्ही ठीक निघालं तर आधी तो लावून घरीच १० मिनिटं भाव पुकारून बघा. संध्याकाळी आवाज सकाळइतकाच राहिला तर चार दिवसांनी १५ मिनिटं. बसला तर दोन दिवस विश्रांती. मार्केटात पाल्याची धूळ उडते, तेव्हा नाकातोंडावर ओलसर उपरणं लागेल आणि रांगेतल्या अर्ध्या ट्रॉल्या पुकारायला दुसरा माणूस. समितीशी हे दिवाळीच्या आत बोलून ठेवा.

टीएसएचचा आकडा आणि दुर्बिणीचा कागद हाती आला की मला पुन्हा लिहा. ठसका किती वेळा लागतो, पाण्याला की जेवणाला, तेही लिहा.