पूर ओसरला की आधी नळ बघ
खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, तसं पुन्हा झालं आणि पुरानंतरची रोगराई रोखायचं काम तुझ्याकडे आलं, तर पहिल्या आठवड्यात औषधवाटपाचे कॅम्प लावत बसू नकोस. रोज सकाळी ओटीची (ऑर्थोटोलिडीन, पाण्यातलं क्लोरीन तपासायचं द्रावण) बाटली घे आणि गल्लीतल्या शेवटच्या नळाचं पाणी तपास, टाकीजवळच्या नव्हे. थेंब टाकल्यावर पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही तर त्याच दिवशी पाणीपुरवठ्याच्या माणसाला गाठ, पत्रव्यवहार नंतर. अशा काळात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं.

डेंगीसाठी लोकांना आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायलाच लाव, म्हणजे साठवलेल्या पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची. अंड्याचा डास व्हायला ८-१० दिवस पुरतात.

चिखल उपसणाऱ्या सफाई कामगारांना मात्र सगळे विसरतात, आणि याचा मला फार राग येतो. गमबूट, हातमोजे मिळालेत का, स्वतः जाऊन बघ. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, तोवर पूर बातम्यांतूनही गेलेला असतो. लेप्टो टाळण्यासाठीचं डॉक्सिसायक्लिन हे औषध कुणाला द्यायचं ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच विचार.

आशाताईंना पहिल्या दिवसापासून बरोबर घे. कुणाच्या घरी ताप आहे, कोण नातेवाइकांकडे कोथरूडला गेलंय, हे त्यांनाच ठाऊक असतं.