कोरियन भाषेत एकाच उच्चाराचे इतके शब्द कसे आले, आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

"संदर्भावरून कळतं" हे उत्तर तुम्हाला आधी मिळालंच असेल. मलाही पुण्यात शिकताना तेच मिळालं होतं आणि ते अजून खटकतं.

वर्गात आन जुंग-गनवर उतारा होता. १९०९ मध्ये चीनमधल्या हार्बिन स्टेशनवर जपानचा माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी याला गोळ्या घालणारा हा कोरियन क्रांतिकारक. कोरियात त्याच्या नावाला 'उइसा' जोडतात. वर्गातल्या एकीने अर्थ सांगितला, "डॉक्टर आन". बाई "डॉक्टर नाही, वीर" म्हणून पुढच्या वाक्याकडे वळल्या. मी म्हटलं, दोन्हींची चिनी अक्षरं, म्हणजे हांजा, वेगळी आहेत, फळ्यावर लिहाल का? बाई म्हणाल्या, "हांजा आता कोरियातही कुणी लिहीत नाही. परीक्षेला येत नाही."

पण खरं उत्तर तिथेच होतं! डॉक्टरमधला 'उइ' वैद्यकाचा, वीरामधला न्यायाचा, आणि 'इरादा' अर्थाच्या तिसऱ्या 'उइसा'तला मनातल्या विचाराचा. शब्द चिनीतून आले, पण तिथले सूर (आवाजाचे चढउतार) आणि काही व्यंजनांतले फरक कोरियनमध्ये उरले नाहीत. म्हणून 'बांगह्वा' म्हणजे आग लावणं आणि आग रोखणंही.

अस्सल कोरियन शब्दांची गोष्ट निराळी. 'माल' म्हणजे बोलणं आणि घोडाही. जुन्या भाषेत घोड्याचा स्वर वेगळा होता, साधारण आपल्या 'मल'सारखा. पुढे तो बुजला आणि १९३३ च्या लेखननियमांनी त्याचं अक्षरही काढलं. जेजू बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी घोडा अजून 'मॉल'च्या जवळ आहे. शब्दकोशात डोळा ऱ्हस्व 'नुन' आणि बर्फ दीर्घ 'नून', पण लिहिताना दोन्ही एकच, जसं आपण 'चार माणसं' आणि 'गुरं चार' यांतला च वेगळा बोलतो पण एकसारखाच लिहितो. सोलची तरुण मंडळी आता नुन-नून हा फरक बोलण्यातही करत नाहीत.

अर्थांच्या याद्या पाठ करू नका. 'सु' म्हणजे पाणी हे एकदा शिका, की सुदो (नळाचं पाणी), सुयंग (पोहणं), होंगसु (पूर) एका दमात येतात. राजधानीच्या 'सुदो'तला सु म्हणजे डोकं, तो वेगळा ठेवा.

हो, 'बे' म्हणजे होडी, पोट आणि नासपती, तिथे हांजा कामाला येत नाही, कारण तिन्ही शब्द देशी आहेत. ते पाठच करावे लागतात. नुसत्या मालिका बघायच्या असतील तर यातलं काहीच लागणार नाही. पण बातम्या किंवा इतिहास वाचायचा असेल तर शंभरेक हांजा शिकाच, शिक्षक नको म्हणाले तरी.